बाळाला हात लावायचा न्हाय

नात होऊन दहा दिवस झाले होते आणि चन्नम्मानं तिला अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ ह्याच घरात टाहो फोडतंय, आणि सख्खी अज्जी न्हाणीच्या दारात उभी राहून मालिशवालीला म्हणतेय, "मान धर गं तिची. डोळ्यात पाणी जाईल."

मालिशवाली चिमणाबाई. कसबा बावड्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. तिला असलं कुणी शिकवलेलं खपायचं नाही.

"अव्वा, तुमी भाईर जावा की. मी काय आज पैल्यांदा पोर बघालोय व्हय?"

चन्नम्मा जायची नाही. डावा हात पदराखाली दडवून तिथंच उभी राहायची.

त्या हातानं सगळा घोळ करून ठेवला होता. दोन महिन्यांपूर्वी डावा तळहात खाजायला लागला. मग कपाळ, मग गळा, मग दोन्ही दंड. कातडं आधी लाल झालं, मग खरखरीत, मग त्याला भेगा पडून पाणी सुटायला लागलं. भांड्याला हात लावला की आग आग व्हायची. नवरा बसाप्पा साखर कारखान्यातनं रिटायर झालेला. त्याला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध ठाऊक. "उष्णता हाय. ताक पी." तिनं इतकं ताक प्यायलं की म्हशीनं तोंड फिरवावं. खाज होती तिथंच राहिली.

गल्लीतल्या बायका काय गप्प बसतात? एक म्हणाली गजकर्ण, दुसरी म्हणाली नागीण. तिसरीनं आवाज बारीक करून विचारलं, "कुठं पांढरं पडलंय काय गं? बधिर लागतंय काय?" त्या दिवसापासून महारोगाच्या धास्तीनं चन्नम्मा दिवसातनं दहा वेळा स्वतःला चिमटे काढून बघायला लागली. दुखलं की जीव भांड्यात पडायचा, घटकाभरानं पुन्हा धाकधूक.

शेवटी आठव्या महिन्याचं पोट घेऊन लेकच, शिवांजली, तिला राजारामपुरीतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. चेहऱ्याला काहीही न लावता या, असं फोनवर सांगितलेलं, म्हणून चन्नम्मा कपाळ धुऊन, कोरं करून गेली होती. वर्षाराणी मॅडमनी तिच्या पाठीला औषधाच्या ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस आंघोळ नाही. पट्ट्या काढल्या तर दोन ठिपके टम्म लाल होऊन बसलेले.

"आजी, हा रोग नाही. तुम्हाला सुगंधाची ॲलर्जी आहे," मॅडम म्हणाल्या. "साबण, पावडर, क्रीम, तेल, सगळ्यात वासासाठी काहीतरी घातलेलं असतं. तुमच्या कातडीला ते सोसत नाही."

"कंपनीचं सोसत न्हाय म्हणा की. झाडाफुलाचं चालतंय न्हवं?"

"फुलाचं असू दे नाहीतर कारखान्यातलं. कातडीला त्याचं काही देणंघेणं नाही. वास येणारं काहीच लावायचं नाही. कपाळाला काय लावता?"

"कुंकू."

"महिनाभर बंद."

बंद म्हणजे बंद. चन्नम्मा अशा कामात भारी कडक. चंदनाचा साबण गेला, जाईचं तेल गेलं, पावडरचा डबा गेला. लेकीनं हौसेनं आणून दिलेली गुलाबाची क्रीम मोलकरणीच्या पदरात पडली. कपडे धुवायची पावडरसुद्धा बिनवासाची शोधून आणली. आणि कुंकू! चाळीस वर्षं लावलेलं कुंकू पुसून ती गल्लीतनं चालायला लागली, तेव्हा बायका आधी तिच्या कपाळाकडं बघायच्या आणि मग दारातनं वाकून बसाप्पा धडधाकट आहे काय ते बघायच्या. बसाप्पाला ह्याचं हसू यायचं. चन्नम्माला रडू यायचं.

एवढं करूनही गुण नाही. मलम लावलं की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा आग. मॅडमही बुचकळ्यात पडल्या.

"आजी, तुम्ही काहीतरी लावताय. नीट आठवा."

"शप्पत घेऊन सांगतो. न्हाय."

आणि ती खोटं बोलत नव्हती. रोज सकाळी नुसत्या पाण्यानं आंघोळ करून ती पूजेला बसायची. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची, विभूती लावायची, डोळे मिटायची. पूर्वी पाच मिनिटांत आटपायची, आता अर्धा तास. "शिवा, माझा हात बरा कर. नात नाहीतर नातू, जे काय येईल ते मला ह्या हातानं घेऊ दे." जेवढी भीती वाढली तेवढी भक्ती वाढली, आणि पूर्वी तीन बोटं ओढली की भागायचं तिथं आता कपाळ, गळा, दंड, सगळं पांढरंफटक व्हायला लागलं. पूजा झाली की कपाळाला तेवढंच गार वाटायचं, मग तासाभरात खाज उठायची. ती म्हणायची, परीक्षा बघतोय देव.

मग बाळ आलं. लग्नानंतर सहा वर्षांनी आलेलं बाळ. शिवांजलीची सासू, महादेवी, गडहिंग्लजहून दवाखान्यात आली. भुवयांपर्यंत पदर ओढलेला, तोंड घट्ट. खोलीच्या दारातच उभी राहिली. बाळाला बघितलं ते लांबनंच. चन्नम्माला वाटलं, मुलगी झाली म्हणून बाईच्या पोटात दुखतंय. तेवढ्यात महादेवीची नजर तिच्या हातावर गेली.

"ईनबाई, ते काय उठलंय हाताला?"

"ॲलर्जी हाय. लागत न्हाय ती कुणाला."

"डॉक्टर काय बी सांगत्यात. महिनाभर औषध करून बरी हुईना ती कसली ॲलर्जी?" महादेवीचा आवाज असा चढला की नर्स डोकावून गेली. "एक सांगतो. हात बरा होईस्तवर बाळाला हात लावायचा न्हाय. आन बाळाच्या अंगावर ह्यातलं एक जरी दिसलं, तर बारशादिवशीच सुनंला आन पोरीला गाडीत घालून घेऊन जातो मी. सव्वा महिनाबिव्वा महिना काय न्हाय."

चन्नम्मानं भांडायला हवं होतं. तशी ती भांडण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. पण तिची जीभच उचलेना, कारण महादेवीनं विचारलं तेच ती स्वतःला महिनाभर विचारत होती. मॅडमनी सांगितलंय, लागत नाही. पण खरंच नाही? दुसऱ्या दिवशी चिमणाबाईला बोलावणं गेलं.

दहाव्या दिवशी दुपारी बसाप्पा बाजारात गेला होता. शिवांजलीला गाढ झोप लागलेली. बाळ पाळण्यात कुरकुरायला लागलं. चन्नम्मा उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. उजवा हात तर चांगला आहे, ती मनाशी म्हणाली. तो काय गुन्हेगार आहे? तिनं उजवा हात तीन वेळा धुतला. मग तिला आठवलं की ह्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या कपाळाला पाचव्या दिवशी विभूती लागलेली आहे. शिवांजलीला लागली, तिच्या भावाला लागली, आणि ह्या पोरीचं कपाळ दहा दिवस कोरं. आपल्या पापी हातापायी लेकराला देवाची राखसुद्धा मिळेना, ह्या विचारानं तिला भडभडून आलं.

तिनं देवघरातनं विभूतीची वडी आणली, उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर घासला आणि बाळाच्या कपाळावर आडवा ओढला. बाळ गप्प झालं. काळ्याभोर डोळ्यांनी टकामका बघायला लागलं. उचलावं असं तिला इतकं वाटलं, इतकं वाटलं! पण उचललं नाही. महादेवीची अट तेवढी तरी पाळली. मग पदराच्या टोकानं पांढरं पुसून टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून, आणि चोरासारखी स्वयंपाकघरात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतनं चिमणाबाईची हाक आली. "शिवांजली, अगं हिकडं ये. हे काय उठलंय हिच्या कपाळाला?"

बाळाच्या कपाळावर लाल पट्टा उठला होता. अंगठ्याएवढा रुंद, आडवा. जिथं चन्नम्माचा हात लागला, बरोबर तिथं.

चन्नम्मानं ते दारातनंच बघितलं. ती चौकटीला धरून खाली बसली. लागत नाही म्हणे! एकदा हात लावला, एकदाच, तोही चांगला हात, आणि पोरीच्या अंगावर गेलं. आता हिच्याही तळहाताला भेगा पडणार. हिलाही बायका विचारणार, पांढरं पडलंय काय गं. अकरा दिवसांचं लेकरू! तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, जणू ते तिथनं सुटून पळणार होते.

आणि दुर्दैव बघा, बारशाची तयारी बघायला महादेवी नेमकी त्याच सकाळी गाडी करून आली. तसाच भुवयांपर्यंत पदर. बाळाचं कपाळ बघितलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"हात कुणी लावला हिला?"

शिवांजली रडत होती. बसाप्पा बायकोकडं बघत होता. चन्नम्माच्या तोंडापर्यंत शब्द आले आणि तिनं ते गिळले. बोललं की लेक गेली, नात गेली. परवा बारसं, परवाच गाडीत.

"ईनबाई, मी इचारालोय."

"आधी डॉक्टरकडं चला," बसाप्पा म्हणाला. "भांडाय जन्म पडलाय."

गाडीत शिवांजली बाळ घेऊन मधे बसली, दोन अज्ज्या दोन बाजूंना. शिवांजलीचे हात भरून आले तेव्हा तिनं सासूकडं बघितलं, पण महादेवीनं तोंड खिडकीकडं वळवलं. चन्नम्माचं टाळकंच सरकलं. मला घेऊ देत नाहीस ते नाही, स्वतः तरी घे की बाई! पण चोराला कसला आवाज?

वर्षाराणी मॅडमनी भिंग लावून बाळाचं कपाळ बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कपाळाला काय लावलंत?"

"काहीच नाही," शिवांजली म्हणाली. "तुम्ही सांगितल्यापासून पावडरसुद्धा नाही."

"ताप? दूध पिते?"

"पिते. पण आज सकाळपासून चिडचिड करतेय."

मॅडम विचारात पडल्या. "काही लावलं नसेल तर मला हे असं सोडता येणार नाही. एवढ्या लहान बाळाला जंतुसंसर्ग झाला असेल तर धोका असतो. बालरोगतज्ज्ञांकडं पाठवते, रक्त तपासावं लागेल. कदाचित दोन दिवस ॲडमिटही करतील."

"रक्त?" चन्नम्मा म्हणाली.

"टाचेतनं थोडंसं घेतात."

चन्नम्मानं बाळाच्या टाचेकडं बघितलं. चिंचोक्याएवढी टाच ती. आणि मग तिला लेक जाईल, नात जाईल, ह्यातलं काही आठवलं नाही. ती खुर्चीतनं उठून उभीच राहिली.

"सुई टोचू नका तिला. मी लावला हात. काल दुपारी. शिवांजली निजल्यावर, चोरून." तिचं नाक वाहायला लागलं. "माझ्याकडनं लागलंय ते. मला काय करायचं ते करा, पोरीला टोचू नका."

"अव्वा!" शिवांजली ओरडली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हाताला काय लावलं होतं?"

"काय न्हाय. तीनदा धुतलावता. विभूती तेवढी लावली तिच्या कपाळाला, बाकी काय न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "विभूती. तुम्ही स्वतः रोज लावता?"

"लावतो की. कपाळाला. गळ्याला. दंडाला. लिंग घेतो तवा ह्या तळहाताला."

तिनं एकेक जागा सांगितली तशी मॅडमची नजर एकेका जागेवर गेली. कपाळ, गळा, दंड, तळहात. जिथं विभूती, तिथं लाल.

"आजी, मी तुम्हाला किती वेळा विचारलं, काय लावता म्हणून?"

"तुमी साबण, पावडर, क्रीम म्हणालासा. त्यात हे कुठं येतंय?" चन्नम्माला त्याही अवस्थेत राग आला. "ही काय नटायमुरडायची वस्तू हाय व्हय? देव हाय तो!"

"बरोबर आहे. आणि नुसत्या राखेनं सहसा असं होत नाही. कुठनं आणता?"

"आणाय कशाला लागतंय? घरातच करतो. गोवरीची राख गाळून, वड्या थापून."

"त्यात वासाचं काही घालता?"

चन्नम्माचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. घालते की. शिवांजलीच्या डोहाळजेवणाला तिनं शंभर वड्या केल्या होत्या, आल्यागेल्याला द्यायला. डबी उघडली की देवळात आल्यासारखं वाटलं पाहिजे, ह्या हौसेनं केवड्याच्या अत्तराची बाटली आणली होती. वाटायच्या वड्यांत अर्धी बाटली ओतली. बायकांनी डब्या नाकाला लावून वाहवा केली. मग घरच्या वड्यांना उरलेली अर्धी ओतली. त्याला बरोबर तीन महिने झाले होते. साबणाचा वास तिनं घरातनं हाकलला, तेलाचा हाकलला, पण देवघरातला वास हा वास असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती अडखळत अडखळत सांगत गेली. मॅडम ऐकून घेत होत्या.

"असलं अत्तर पातळ न करता रोज लावलं तर धडधाकट माणसाची कातडी बिघडते, तुमची तर बिघडलेलीच होती. आणि बाळाची कातडी अगदी पातळ. एका बोटानं भाजल्यासारखी लाल झाली, एवढंच. साध्या पाण्यानं पुसा, दोन-तीन दिवसांत जाईल. रक्तबिक्त काही नको. मला वाटतं ॲडमिटही नको, उद्या फक्त दाखवून जा."

"म्हंजे... लागण न्हाय?"

हे चन्नम्मानं नव्हतं विचारलं. महादेवीनं विचारलं. आणि तिचा तो दवाखाना दणाणून सोडणारा आवाज इतका बारीक झाला होता की सगळ्यांनी वळून बघितलं.

"नाही. कुणाचं कुणाला लागत नाही हे."

महादेवी मटकन स्टुलावर बसली. दोन्ही हातांनी तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. कपाळभर लाल, खरखरीत, भेगाळलेलं. एका जागी नखानं ओरबाडून रक्त साकळलेलं.

"आई गं," चन्नम्मा म्हणाली.

"डोहाळजेवणाला तुमी डबी दिलासा. वास आवडला मला, रोज लावाय लागलो. महिन्याभरात हे उठलं." महादेवी खाली बघून बोलत होती. "मग दवाखान्यात तुमचा हात बघितला. म्हटलं, हिच्याकडनंच मला लागलंय. आता दोघींकडनं पोरीला लागणार. सांगू कुणाला? घरात सांगितलं तर वाळीत टाकतील ही भीती. तुमाला वाटलं आसंल, सासू तोरा दाखवती. आवो, सा वर्सं वाट बघितली मी हिची. दवाखान्याच्या दारातनं आत पाय टाकवंना मला. अजून हात लावला न्हाय मी तिला, ईनबाई. आकरा दिवस झालं." आणि ती एवढी मोठी बाई हुंदके देऊन रडायला लागली.

चन्नम्मा तिच्याकडं बघत राहिली. अकरा दिवस तिनं ह्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हणून घेतलं होतं, आणि त्या बाईचं कपाळ तिनंच जाळून ठेवलं होतं. हौसेनं, डबीत घालून, हळदीकुंकवासकट. अजून गल्लीत चाळीस घरांत त्या वड्या होत्या. कुणाच्या घरात तान्हं आहे, कुणाची सून पोटुशी आहे, तिच्या डोळ्यापुढनं दारं सरकायला लागली. आज प्रत्येक दारात जाऊन सांगावं लागणार होतं, आणि तिला लाजेनं मेल्यासारखं झालं.

"आता घ्या की हिला कुणीतरी!" शिवांजली रडता रडता ओरडली. "हात मोडलं माझं."

दोघी बेसिनकडं गेल्या. चन्नम्मानं सवयीनं तिथल्या गुलाबी हँडवॉशवर हात नेला, तशा मॅडम म्हणाल्या, "तो नको. नुसतं पाणी." मग दोघींनी नुसत्या पाण्यानं हात चोळ चोळ चोळले.

"घ्या," महादेवी म्हणाली. "तुमच्या घरातलं बाळंतपण हाय. मान तुमचा."

चन्नम्मानं हात पुढं केले. बाळाच्या अंगाची ऊब तिच्या बोटांपर्यंत आली आणि तिनं ते मागं घेतले.

"न्हाय. तुमी घ्या आधी. मी चोरून का हुईना, येकदा हात लावलाय. तुमी तेवढाबी लावला न्हाईसा."

महादेवीनं बाळाला घेतलं. कसं धरावं तेच तिला समजेना. शिवांजलीनं तिचं कोपर वर उचलून दिलं. बाळानं जांभई दिली आणि महादेवी रडतारडता फिस्सकन हसली. बारशादिवशी कुणाला न्यायचं आणि कुणाला ठेवायचं, ह्याबद्दल ती काहीच बोलली नाही. "मीबी हितंच राहतो म्हणं चार दिवस," एवढंच म्हणाली, आणि तेही बाळाला.

बसाप्पा बाहेर गाडीपाशी वाट बघत होता. मॅडमनी पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं. पाच मिनिटं झाली, सात झाली, महादेवीची नजर काही बाळावरनं हलेना. चन्नम्मा शेजारी उभी राहून आधी डोळे पुसत होती, मग कौतुकानं बघत होती, मग एका पायावरनं दुसऱ्या पायावर भार टाकायला लागली. शेवटी तिच्यानं राहवेना.

"ईनबाई, आता द्या की हिकडं," ती म्हणाली.